फोडणीवरचा श्वास

इजिप्तमध्ये, नाईलकाठच्या मीत घम्रमध्ये, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हाज्जा तफीदाच्या घरची मलूखिया कशी असते. सांगतील, अशी एकजीव की तळाला काही म्हणून बसत नाही. आणि लगेच पुढे म्हणतील, बसेल कशी, शहका धाकट्या सुनेचा आहे ना! ती धाकटी सून मी, इन्शिराह. या कौतुकाचं लोणचं घालू की काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

तशी मलूखिया, म्हणजे ही चिकट पालेभाजी, कुणालाही रांधता येते. जुड्या आणायच्या, पानं खुडायची, धुऊन चादरीवर सावलीत पसरायची. मग दोन मुठींची वाकडी सुरी पुढेमागे झुलवत ती इतकी बारीक चिरायची की चिकट हिरवा लगदा झाला पाहिजे. कोंबडीच्या नाहीतर सशाच्या रश्शात तो सोडायचा, झाकण ठेवायचं नाही, खळखळा उकळू द्यायचं नाही. इथवर माझी मेलेली चुलतआजीसुद्धा करेल. खरी परीक्षा फोडणीला. तुपात लसूण आणि धने लालसर झाले की ते चर्रकन भांड्यात ओतायचे आणि त्याच क्षणी रांधणारीने, समोर साप बघितल्यासारखा, छाती भरून, मोठ्याने श्वास आत ओढायचा. तो शहका. तो नसेल तर पानं खाली, पाणी वर, आणि बाईची अब्रू त्या पानांच्याही खाली. असं का, ते विचारू नका. माझ्या आईने तिच्या आईला विचारलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

घर सासूचं, अम्मांचं. तळमजल्यावर त्या, वर थोरला दीर अब्दुल हकीम आणि त्याची बायको सौसन, आणि सगळ्यांच्या वर मी. मी आणि माझा नवरा रिफअत म्हणायला हवं, पण रिफअत सुएझच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायचा. गुरुवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी पहाटे जायचा. मधले सगळे दिवस मी एकटी, आणि माझी शेगडी एकटी. लग्नात बापाने दिलेली नवीकोरी शेगडी. तिच्यावर एकदाही अंडं उकडलं नव्हतं. कारण अम्मांचा नियम होता, एका घरात एकच भांडं चढेल, आणि ते खाली चढेल.

सगळ्यांची स्वयंपाकघरं मधल्या डक्टवर उघडतात. समोरच्या इमारतीचीही. अम्मांना काही हवं असलं की त्या डक्टमधल्या पाइपवर चमचा वाजवायच्या. टण टण टण. की मी खाली. केस धुतलेले असोत, नमाजाची चादर अंथरलेली असो, मी खाली. सौसनलाही तोच चमचा ऐकू यायचा, पण तिच्या कानांना मोठी सोय होती. ती माझ्या आधी या घरात आलेली, आणि कशाकशात आपण कच्चं असावं हे तिने फार लवकर ठरवून टाकलं होतं.

मागच्या वर्षी अम्मांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. घरी आल्या त्या गळ्याला पांढरी पट्टी आणि आवाज गेलेला. एवढी खणखणीत बाई, जिच्या हाकेने कोपऱ्यावरचा भाजीवाला उभा राहायचा, ती कुजबुजायला लागली. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, घशाला त्रास देऊ नका. दोन-तीन शुक्रवार आम्ही भात आणि तळलेली वांगी खाल्ली. मग एका शुक्रवारी त्यांनी मलूखिया मागवली.

फोडणी घेऊन त्या भांड्यापाशी उभ्या राहिल्या, तूप ओतलं, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. हात गळ्यावर गेला. डोळे माझ्याकडे. सौसन बाजूला उभी होती, तिने घाईघाईने एक शहका ओढला. तो मांजर शिंकल्यासारखा निघाला. बाहेरच्या खोलीत पुरुष हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, निदान मला वाटलं नाही. एका बाईचं तोंड उघडं आणि आत आवाज नाही, हे बघून माझ्या छातीतून जो श्वास निघाला तो मी ओढला नव्हता, तो आपोआप आला.

समोरच्या इमारतीच्या खिडकीतून आमच्या शेजारणीचा, उम्म वजीहचा आवाज आला. "अल्लाह! हा कुणाचा गं?"

"धाकटीचा!" सौसन ओरडली. मोकळी झाली ती, कायमची.

"माशाल्लाह! छाती आहे की भट्टीचा भाता?"

मलूखिया सुंदर झाली. अम्मांनी माझा हात हातात घेऊन दाबला, आणि मला, मूर्ख बाईला, भरून आलं.

त्या दिवसापासून मी बांधली गेले. घरात मलूखिया कुठल्याही दिवशी शिजू शकते. उन्हाळ्यात ताजी, थंडीत वाळवलेली, पाहुणा आला तर, कुणी आजारी असेल तर, कुणी बरं झालं तर. माहेरी आईकडे जायचं म्हटलं की अम्मा कुजबुजत, "जा ना, जा. मी काय कुणाला धरून ठेवते? फक्त उद्या अब्दुल हकीमचा मित्र जेवायला आहे, मलूखिया सांगितली आहे त्याने." की मी नाही. हळूहळू गल्लीतल्या बायकाही बोलवायला लागल्या. नव्या नवरीच्या पहिल्या मलूखियाला इन्शिराहला उभं करा. मी जायची, आ वासायची, घरी यायची. चेष्टा करत नाही, माझ्यासाठी एक खुर्चीसुद्धा ठेवत असत.

रिफअतला मी दर गुरुवारी तेच विचारायची. "खोल्या?"

गोदीतर्फे कामगारांना खोल्या मिळायच्या होत्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गॅलरीतून आखातात उभी असलेली जहाजं. एकदा त्याने मला त्या दाखवल्या होत्या, खालून, बोट करून. मी त्या गॅलरीत कपडे कसे वाळत घालायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

"या आठवड्यात साहेब रजेवर होता."

"मागच्या आठवड्यात?"

"मागच्या आठवड्यात किल्लीवाला नव्हता. बाई, मी जहाज दुरुस्त करतो, साहेब दुरुस्त करत नाही."

तो तिकडे आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचा. त्यांचं आपलं बरं चाललं होतं. तळलेले मासे, पत्ते, नाक्यावरचा चहा. गुरुवारी घरी येताना तो ताजातवाना यायचा, शनिवारी जाताना शिट्टी वाजवत जायचा. मी म्हणायची, बिचारा, मला वाईट वाटू नये म्हणून शिट्टी वाजवतो.

आणि मग एका गुरुवारी तो म्हणाला, "मिळाल्या." तोंड असं की दाढ उपटून आलाय. "पण महिनाअखेरीच्या आत बायकोला घेऊन राहायला गेलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्याला देतील."

मी त्याच्या गळ्यात पडले. तो म्हणाला, "अम्माला सांगायचं आहे अजून."

शुक्रवारी जेवताना त्याने सांगितलं. अम्मांनी घास खाली ठेवला. "मुबारक," त्या कुजबुजल्या. "नवऱ्याजवळच बायको शोभते. मी काय, आज आहे, उद्या नाही." मग म्हणाल्या, "फक्त एवढं सांगा, शहका कोण ओढणार?"

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, विनोद झाला, झालं. पण अब्दुल हकीम हसता हसता म्हणाला, "खरंच रे, तिच्याशिवाय बाबांच्या बरसीला काय वाढणार?" आणि रिफअत म्हणाला, "आवाज येईपर्यंत थांबू म्हणा." म्हणा! कुणाला म्हणा? रिफअत तिकडे जहाजांचे नांगर ओढून काढायचा, पण आईसमोर त्याला स्वतःची मान उचलता यायची नाही. असं मी तेव्हा समजत होते.

मी काय काय केलं नाही! सौसनला शिकवायला बसले. "अब्ला सौसन, माझी ताई, पोटातून घे, पोटातून." ती पोट धरून हसायची आणि मुद्दाम उचकी द्यायची. शेवटी सरळच म्हणाली, "इन्शिराह, माझे आई, मला येत नाही. आणि आलं तरी मी येऊ देणार नाही. तू जा, नाहीतर राहा, पण तुझं जोखड माझ्या मानेवर ठेवू नकोस." निदान खरं तरी बोलली.

उम्म वजीहने खिडकीतून तोडगा काढला. "हाज्जा, जाऊ दे पोरीला! तू फोडणी टाक, हाक मार, मी इथून ओढते शहका. डक्ट काय, तुझं भांडं आणि माझी खिडकी, चार हात!"

अम्मांनी कपाळावर हात मारला. माझ्या कानाशी कुजबुजल्या, "सांग तिला, परक्या बाईचा श्वास मी माझ्या भांड्यात घेणार नाही. काय काय खाते ती."

मग मी एक शहाणपणा केला. अम्मा कुणाच्या तरी मयतीला गेल्या होत्या, तेव्हा मी खाली मलूखिया रांधली आणि शहका ओढलाच नाही. ओठ घट्ट मिटून, नाक चिमटीत धरून फोडणी ओतली. कुणाचा तरी खून करतेय असं वाटत होतं. आणि मलूखिया झाली. अगदी तशीच. पळीने उचलली तर धागा धरून वर येत होती.

मी सौसनला ओढत आणली. "बघ! शहक्याविना!"

तिने चाखली, डोळे मिटले, विचार केला. "पण उम्म वजीहने आत्ताच तिकडे ओढला ना, मी ऐकला. तिचीही मलूखियाच आहे आज. तो डक्टमधून इकडे आला असणार."

"अगं, तिचा श्वास माझ्या भांड्यात कसा येईल?"

"वास येतो, मग श्वास यायला काय झालं?"

मी भांड्यावर झाकण आपटलं आणि वर जाऊन रडले. जिथे पुरावा दाखवावा तिथे कुणीतरी खिडकीत उभंच असणार. साऱ्या जगात एकटीने मलूखिया रांधता येईल अशी जागा मला एकच माहीत होती, आणि तिच्या गॅलरीतून जहाजं दिसत होती.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. शनिवारी पहाटे रिफअत परतणार, आणि जाऊन साहेबाला हो किंवा नाही सांगणार. गुरुवारी मी त्याला विचारलं तर म्हणाला, "उद्या जेवताना बोलू. अम्माचं मन बघून."

अम्मांनी ससा मागवला होता. सशाची मलूखिया म्हणजे मोठा बेत. सकाळपासून मी पानं चिरत होते. हिरवा रस कोपरापर्यंत आला होता. नमाज पढून पुरुष आले, बाहेर चटई घातली, सौसन भाकऱ्या घेऊन तिकडे गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच.

मी ठरवून आले होते. शहका ओढायचा नाही. तळाला बसो न बसो, होऊ दे शोभा, म्हणू दे सगळ्यांना की हिची छाती आता काही कामाची राहिली नाही. निरुपयोगी बाईला कुणी थांबवत नाही. एवढं सोपं गणित मला इतके दिवस सुचलं कसं नाही!

अम्मांनी तूप तापवलं. लसूण पडला, धने पडले. वास नाकात भिनला. त्यांनी लोखंडी पळी उचलली आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. त्यांना कळलं. पळी क्षणभर हवेत थांबली. पण लसूण करपायला लागला होता, आणि कुठलीही बाई सगळं सहन करेल, करपलेला लसूण नाही. त्यांनी पळी उलटी केली.

चर्र.

आणि शहका आला. असा खोल, असा भरदार, की भिंतीवरचं भांडं हललं म्हणाल. आवाजात पन्नास वर्षांची मलूखिया होती. तो माझा नव्हता. माझं तोंड बंदच होतं.

अम्मा तशाच उभ्या, तोंड उघडं, हात गळ्यावर. हाताला सवय असते तशी छातीलाही असते. ती फोडणी ऐकते आणि कुणाला विचारत नाही.

"जिती राहा, इन्शिराह!" समोरून उम्म वजीह ओरडली. "आज तर कमाल केलीस!"

बाहेरून अब्दुल हकीमचा आवाज, "अल्लाह! चला, वाढा आता."

मी म्हणाले, "अम्मा."

त्या बोलल्या. कुजबुजल्या नाहीत. हळू, पण स्वतःच्या आवाजात. "ओरडू नकोस."

"कधीपासून?"

"थंडीपासून. थोडा थोडा." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पळीने उगाच भांड्यात ढवळत होत्या. मलूखिया ढवळत नाहीत, त्यांनीच मला शिकवलं होतं. "अब्दुल हकीम त्याच्या दुकानातच जेवतो. सौसन दार लावून बसते. चमचा वाजवला की तू येतेस. तू गेलीस की मी चमचा कुणासाठी वाजवू? तूच सांग."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याचा मला जास्त राग आला. मी भांडं उचललं आणि बाहेर नेलं.

सगळे बसले. वाडगे भरले. अब्दुल हकीमने भाकरीचा तुकडा बुडवला आणि मान हलवली. "रिफअत, मी सांगतो, अशी बाई सुएझला नेणं म्हणजे गुन्हा आहे."

"मी नाही ओढला," मी म्हणाले.

"काय?"

"शहका. मी तोंड उघडलंच नाही. अम्मांनी ओढला. त्यांना आवाज आहे. थंडीपासून आहे."

सौसन फिसकन हसली, अब्दुल हकीम हसला. अम्मांनी गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा त्याच कुजबुजीत म्हणाल्या, "दमली आहे पोरगी. सकाळपासून चिरत होती."

"हसू नका! मी खरं सांगतेय!"

"अगं, साऱ्या इमारतीने ऐकलं," अब्दुल हकीम म्हणाला आणि डक्टकडे तोंड करून ओरडला, "उम्म वजीह! आत्ताचा शहका कुणाचा?"

"हे काय विचारणं झालं? वर्षभर ऐकतेय, मला इन्शिराहचा शहका ओळखता येत नाही होय?"

आता कुणाकडे बघायचं? मी रिफअतकडे बघितलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं की मी उगाच सगळ्यांना पटवत बसले आहे. उम्म वजीह वर्षभर ऐकत होती. हा माणूस जन्मल्यापासून ऐकत होता. पोटात असल्यापासून. आईचा शहका आणि बायकोचा शहका त्याला झोपेतसुद्धा वेगळा सांगता आला असता. त्याने आत्ताही तो ओळखला होता. त्याचा हात वाडग्यावर थांबला होता, भाकरीवरून हिरवा रस चटईवर ठिबकत होता, आणि कान लाल झाले होते.

"रिफअत," मी म्हणाले. "तू सांग. कुणाचा होता?"

अम्माही त्याच्याकडे बघत होत्या. श्वास धरून.

"आता जेवताना काय हे," तो म्हणाला.

"कुणाचा होता?"

त्याने घास तोंडात घातला. सावकाश चावला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "तुझाच होता. मला काय ओळखू येत नाही?"

म्हणजे किल्लीवाला होता, साहेबही होता, खोल्या यालाच नको होत्या. सगळे आपापल्या जागी होते. चौघांची ती खोली, ते पत्ते, ती शिट्टी, सगळं जिथल्या तिथे होतं आणि त्याला ते तिथेच राहायला हवं होतं. वर्षभर मी एका म्हातारीच्या गळ्याशी भांडत होते, आणि हा आईच्या आडून मजेत जेवत होता. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय, इथे माझ्या तोंडून निघालेला आवाज माझा आहे की नाही ते हे लोक ठरवणार.

"उद्या साहेबाला सांगतो मग," तो म्हणाला. "यंदा नाही जमत म्हणून." आणि वाडगा आईपुढे केला. "अजून थोडी दे, अम्मा."

अम्मांनी वाडगा घेतला नाही. त्या मुलाकडे बघत राहिल्या, बराच वेळ. त्यांना हवं होतं तेच झालं होतं, पण त्यांचा चेहरा जिंकलेल्या बाईचा नव्हता. मग त्यांनी पळी माझ्या वाडग्याकडे वळवली. सशाचा मागचा पाय दर शुक्रवारी धाकट्या लेकाचा, घरात हे लहानांनाही ठाऊक होतं. तो त्यांनी शोधून काढला आणि माझ्या वाडग्यात ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत. खणखणीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

चटईवर कुणीच मान वर केली नाही. सौसनने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, अब्दुल हकीमने मीठ मागितलं, रिफअत आपल्या रिकाम्या वाडग्यात बघत होता. मी तो पाय उचलला आणि खाल्ला. डोळ्यांतलं पाणी हाताच्या हिरव्या डागांवर पडत होतं, ते मी पुसलं नाही.